घोंगडीखालची कीड

टोकावड्याच्या बाजारात भाजीपेक्षा दातवाल्या बाबाभोवती जास्त गर्दी होती. १९३८ सालची गोष्ट. परातीत पाणी, मधोमध खापरीत निखारे. बाबा त्यावर मंतरलेलं बी टाकी. दुखणेकऱ्याने डोक्यावरून घोंगडी घेऊन धुरावर तोंड उघडून बसायचं. थोड्या वेळाने बाबा परात दाखवी. पाण्यात बारीक पांढऱ्या अळ्या.

"पाताळातली कीड हाय. मंत्राबिगर निघत नाय."

दर बाजाराला ते पाताळ नव्याने भरलेलं असे.

आमच्या शेजारच्या कोंडूची बायको हौसा तिथे पुन्हा पुन्हा बसली. कीड निघाली, गाल मात्र फुगतच गेला. मुरबाडच्या डॉक्टरने हिरडी दाबून पाहिली. दाताचा जीव गेलाय, म्हणाला, मुळाशी पाण्याची पिशवी धरलीय. लहान असती तर मूळ आतून साफ करून भागलं असतं. आता ती हाड पोखरतेय. मुंबईला नेऊन कापून काढा, नाहीतर जबडा मोडेल. कोंडूचं एकच, कीड संपली की पिशवीही जाईल. हौसाला एका जागी बसवत नसे. गालाला हात लावून ती ओसरीवर येरझाऱ्या घाली. तिची सासू सुंदरा ते बघत राही.

पुढच्या बाजाराला हौसाचं हिरवं लुगडं पुन्हा घोंगडीखाली बसलं, पदर नाकापर्यंत. आमच्याकडच्या बायका परक्या पुरुषापुढे तोंड उघडत नसत, त्यामुळे बाबाने कुणाचे दात कधी पाहिलेच नव्हते. त्या दिवशी कीड भरपूर पडली.

"सगळ्या दाढा पोखरल्यात गो, पोरी," बाबा म्हणाला.

घोंगडी सरली. आत सुंदरा होती. तिने पदर मागे टाकला आणि तोंड उघडलं. आत एकही दात नव्हता.

"कुठं हायत त्या दाढा, दाव," ती म्हणाली. "मला बी बघायच्यात. लय वर्सं गाठ नाय."

लोक हसले. गर्दीत उभा असलेला कोंडू हसला नाही. त्याने बाबाची पुरचुंडी ओढून घेतली, उरलेलं बी निखाऱ्यावर ओतलं आणि परातीवर नुसतीच घोंगडी धरली. खाली कोणी नव्हतं, तरी पाण्यात कीड पडली. भुईरिंगणीच्या काटेरी झुडपाचं बी ते, आमच्या बांधावरचंच. तापलं की तडकतं आणि आतला पांढरा कोंब पाण्यात उडतो. कोंडू वळून बाबाला शोधू लागला, तर बाबा कधीच पसार.

दुसऱ्याच दिवशी कोंडूने हौसाला मुंबईला नेलं. डॉक्टरांनी मेलेला दात उपटला, पिशवी सोलून काढली. हाड हळूहळू भरलं. हौसा पुन्हा भाकरी दोन्ही बाजूंनी चावू लागली.

म्हणून कोणी चमत्कार दाखवला, तर आधी घोंगडीखाली कोणालाच न बसवता तो करून पाहा. तरीही कीड पडली, तर आपलं माणूस घेऊन दवाखान्याची वाट धरा.