एका ओढ्याचे तीन झाले

कचेरीत तिला सगळे मोजणीबाई म्हणत. ओढा असो की नदी, बाई बूट चढवून पात्रात उतरणार, काठोकाठ भरल्यावर पाणी किती रुंद आणि किती खोल जात असेल ते मोजणार, वळणं आणि उतार पाहणार, तळाशी वाळू आहे की गोटे ते चाचपणार. मग सांगणार: हा सरळ जाणारा, हा नागमोडी, हा वेणीसारखा, म्हणजे फाटे फुटून पुन्हा एकमेकांत मिसळणारा. लोक म्हणायचे, पाणी ते पाणी, त्यात कसले आलेत प्रकार? पण पूल कुठे बांधायचा आणि घर कुठे बांधू नये, हे त्या प्रकारावरच ठरायचं.

इतकी वर्षं तिच्यासमोर मोजपट्टी धरून तिचा नवराच उभा असायचा. तोही त्याच खात्यात होता. दोन वर्षांपूर्वी झोपेतच त्याचं हृदय थांबलं आणि घरात दोघी उरल्या, ती आणि तिची थोरली नणंद. नणंद कपडे शिवायची. पुढच्या खोलीत तिचं मशीन, मागच्या खोलीत हिचे नकाशे, मधे स्वयंपाकघर. बोलणं कामापुरतं. ‘दूध उतू जातंय’, ‘विजेचं बिल भरलं’, झालं. भांडण असं कधी झालंच नव्हतं, त्यामुळे ते मिटवायचीही सोय नव्हती.

अशात ओढ्यापलीकडच्या वस्तीसाठी पूल मंजूर झाला. जुना लाकडी पूल पुरात गेल्यापासून तिथली नर्स औषधांची पेटी डोक्यावर घेऊन पाण्यातून ये-जा करत होती. खात्याच्या मोठ्या साहेबांनी ओढ्याच्या वळणावरची जागा पक्की केली होती. खांबांचं खोदकाम सुरू होण्याआधी एकदा बघून या, एवढंच त्यांनी बाईला सांगितलं. आणि नेमकी पट्टी धरणाऱ्या मदतनिसाची कंबरच धरली.

“मग राहू दे, तुमची कंबर सुटली की जाऊ,” ती फोनवर त्याला म्हणाली. पुढच्या खोलीतलं मशीन थांबलं.

“पट्टी नुसती धरायचीच असते ना?” नणंदेनं विचारलं. “मी येते.”

“वन्सं, पाण्यात उभं राहावं लागतं. पाय बधिर होतात.”

“माझा भाऊ राहायचाच की.” नणंदेनं दोरा दातानं तोडला. “घरी आला की बूट काढायचा, जेवायचा, झोपायचा. दिवसभर तिथे काय करायचा, मला कधी कळलंच नाही. एकदा बघू तरी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी नणंद भावाचे बूट घालून, पुढे चिंध्या कोंबून, पात्रात उतरली. जरा लांब बाईनं तिपाईवर दुर्बीण लावली.

“वन्सं, पट्टी वाकडी होतेय.”

“आयुष्य शिवणकामात गेलं माझं. सरळ म्हणजे काय ते मला शिकवू नकोस.”

“उजवीकडे. अजून थोडी. आता झाली.”

“पाणी ढकलतंय गं,” नणंद जरा नरमून म्हणाली.

पण दोन-चार ठिकाणी पट्टी लावून झाल्यावर बाईच्याच कपाळावर आठ्या पडल्या. खात्याच्या नकाशात हा ओढा नागमोडी होता, एकाच खोल पात्रातून वळणं घेत जाणारा. इथे तर समोर तीन धारा होत्या. गोट्यांच्या ढिगाऱ्यांना वळसे घालत त्या फुटत होत्या, मिसळत होत्या, पुन्हा फुटत होत्या. ढिगाऱ्यांवर गवताचं पातंही नव्हतं. सगळं ताजं होतं.

“काय झालं?” नणंदेनं विचारलं.

“हा तो ओढा नाही. म्हणजे आहे तोच, पण आम्ही याला नागमोडी लिहिलं होतं.”

“आम्ही म्हणजे?”

“मी आणि तुमचा भाऊ.”

नणंदेचा चेहरा उतरला. “म्हणजे त्यानं चुकीचं धरलं होतं की काय?”

ते ऐकून बाई यंत्र तसंच सोडून काठाकडे गेली. पहिल्या मोजणीच्या वेळी इथे कुठेतरी कुंपण होतं. शोधता शोधता ते सापडलं, पण गोट्यांतून खांबांची फक्त टोकं वर दिसत होती.

“वन्सं, इकडे या. तेव्हा हे खांब माझ्या कमरेइतके होते. त्यांचा शर्ट भिजला होता, तो त्यांनी इथेच वाळत घातला आणि उघड्या अंगानं डबा खाल्ला. हे गोटे नंतर आलेत. त्यांचं काहीही चुकलं नव्हतं.”

नणंद खाली बसली आणि खांबाच्या टोकावरून हात फिरवत राहिली. “उघड्या अंगानं,” ती म्हणाली, आणि तिला हसू आलं. मग दोघीही हसल्या, आणि नणंदेनं पदरानं डोळे पुसले.

गोटे कुठून आले ते पाहायला दोघी वरच्या अंगाला चालत गेल्या. टेकडीची एक बाजू पार कोसळली होती. वाहून नेता येईल त्याहून जास्त ओझं ओढ्यावर पडलं होतं. तो ते वाटेत टाकत होता आणि आपल्याच ओझ्याला वळसा घालायला फुटत होता. साहेबांचा पूल बांधला असता, तर उद्या पाणी त्याला बगल देऊन भलतीकडूनच गेलं असतं. परतताना तिनं तिन्ही धारांच्या काठाशी रंगवलेल्या खुंट्या ठोकल्या.

साहेबांना हे पटेना. “बाई, नागमोडी तुम्हीच लिहिलंय. आता तुम्हीच नाही म्हणता. वस्तीला मी काय सांगू?”

“तेव्हा तसाच होता, साहेब. आता नाही. एकदा डोळ्यांनी बघा.”

साहेब हट्टी असले तरी आडमुठे नव्हते. सोमवारी ते आले. मधे टेकडीवर थोडा पाऊस झाला होता, पूर वगैरे काही नाही. तरी एका धारेच्या काठची खुंटी कोरड्या गोट्यांत उभी होती आणि पाणी चांगलं दहा पावलं पलीकडून वाहत होतं. साहेबांनी ती दहा पावलं स्वतः चालून मोजली.

“मग बांधायचा कुठे?” त्यांनी विचारलं.

“वर, दोन खडकांच्या मधे. तिथे ओढ्याला फुटायला जागाच नाही. पण वस्तीपासून लांब पडेल.”

ते सांगायला ती स्वतः वस्तीवर गेली. नर्सनं सगळं ऐकून घेतलं. “म्हणजे मला रोज तेवढं जास्त चालायचं,” ती म्हणाली. “चालेन. पण पूल जागेवर राहिला पाहिजे. एकदा गेला, तेव्हा एका बाळंतिणीला मी खाटेवरून पाण्यातून नेलंय. तसं पुन्हा नको.”

नवे आराखडे झाले, थोडी रखडपट्टीही झाली, पण खडकांच्या मधे पूल उभा राहिला. पुढच्या मोठ्या पुरात खालच्या पात्रात तीनच्या पाच धारा झाल्या. वर पुलाखालून पाणी नाकासमोर निघून गेलं. पूर ओसरल्यावर तिला पूल तपासायला जायचं होतं. मदतनिसाची कंबर केव्हाच बरी झाली होती, तरी नणंद बरोबर निघाली. या वेळी तिनं स्वतःच्या मापाचे बूट घेतले होते.

पुलावर समोरून नर्स पेटी हातात घेऊन येत होती. तिनं दोघींना विचारलं, “तुम्ही बहिणी का?”

“नणंद-भावजय,” नणंद म्हणाली, आणि कठड्यावरून वाकून लांबच्या, खालच्या पात्राकडे पाहू लागली. “अगं, ती पलीकडची धार बघ. ती मागच्या वेळी नव्हती ना?”

“नव्हती,” ती म्हणाली, आणि दुर्बीण काढायला पिशवी उघडली.