डोळ्यावरचे कुंकू

मी एक जुना कॅमेरा आहे.

नाही, हे बरोबर नाही. पुन्हा सुरुवात करतो. मला बसवून अजून दोन दिवाळ्याही झालेल्या नाहीत. पण दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, राळेगावहून कळंबला जाताना, मी एका झटक्यात म्हातारा झालो. तेव्हापासून माझे बोलणे असे मध्येच तुटते. मित्रांनो, सांभाळून घ्या.

मी एक जुना कॅमेरा आहे. शाळेच्या पिवळ्या बसमध्ये, स्टिअरिंगच्या समोर मला बसवले होते. लोकांना वाटते, मी रस्ता पाहतो. रस्ता माझ्या पाठीमागे असतो. तो मी जन्मात पाहिलेला नाही. मी गाडी चालवणाऱ्याचा चेहरा पाहतो. खरे तर चेहराही नाही. पापण्या.

डोळे उघडे.

डोळे उघडे.

मिटले, उघडले. चालेल.

डोळे उघडे.

हे माझे काम. पापणी खाली येऊन खालीच राहिली, मान कलली, नजर बराच वेळ भलतीकडे गेली, की मी किंचाळतो. माझा आवाज फार वाईट आहे. तो मुद्दामच तसा केलेला आहे, कारण गोड आवाजाने झोपलेला माणूस उठत नाही.

मला बनवणाऱ्यांनी हजारो चेहऱ्यांची चित्रे दाखवून मला शिकवले. चष्म्यातले डोळे, अंधारातले डोळे, जांभई देणारी तोंडे, सगळे दाखवले. कुंकू दाखवले नव्हते.

थांबा. कुंकवाकडे इतक्यात जायचे नाही.

आधी जीवन. जीवन म्हणजे आमचा ड्रायव्हर. राळेगावजवळच्या बंजारा तांड्यावर राहतो. घरी आई हंसाबाई, बायको संगीता आणि कपाशीचे शेत. रोज सकाळी तो तांड्यातल्या आणि वाटेवरच्या गावांतल्या मुलांना गोळा करून कळंबच्या शाळेत सोडतो. हात सफाईदार, स्वभाव गरीब. त्याला एकच शत्रू. झोप.

कारण शेतातल्या मोटारीला वीज एक आठवडा दिवसा मिळते आणि एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात जीवन रात्रभर कपाशीला ओलीत करतो, म्हणजे पाणी देतो. एका सरीतून दुसऱ्या सरीत पाणी वळवत चिखलात उभा राहतो. सकाळी अंघोळ करून तोच जीवन माझ्यासमोर येऊन बसतो.

मी येण्याआधी याच्यावर एक साधा इलाज होता. विमलताई. मुलांना चढवायला-उतरवायला त्या बसमध्ये असतात. त्या जीवनच्या शेजारी, इंजिनाच्या झाकणावर बसायच्या आणि कळंबपर्यंत त्याचे डोके खायच्या. रात्री काय जेवला? वांग्याची भाजी कोणी केली? बायकोने की आईने? खारट होती का? जीवन वैतागून उत्तरे द्यायचा. वैतागलेला माणूस झोपत नाही.

मग बसचे मालक बाबाराव मला घेऊन आले. आता मशीन आली आहे, ताई, तुम्ही मागे मुलांकडे बघा, असे ते म्हणाले. विमलताई मागे गेल्या. त्या दिवशी मला फार अभिमान वाटला होता. एका माणसाची जागा मला मिळाली होती.

कळंबमध्ये शिरताना जीवन चिंतामणीच्या देवळाच्या दिशेने हात छातीशी नेऊन डोळे मिटायचा. पहिल्याच दिवशी मी किंचाळलो. सगळी बस हसली. पुढच्या बाकावरची निशिगंधा म्हणाली, "काका, हा तं देवालेही सोडत नाही."

त्यानंतर जीवन डोळे उघडे ठेवून नमस्कार करू लागला. त्याने म्हणे चिंतामणीला तसे सांगूनच टाकले होते, की बाबा, समजून घे, आता असाच नमस्कार होईल.

श्रावण संपता संपता एकदा खरोखरच त्याच्या पापण्या खाली आल्या आणि खालीच राहिल्या. मी ओरडलो. त्याने दचकून ब्रेक दाबला. बाहेर गाई हंबरल्या. रस्त्यावर अख्खा कळप होता आणि कळपामागे गुराखी.

ही गोष्ट तांड्यात पोचली. मी मोठा झालो. बाया मुलांना सोडायला आल्या की खिडकीतून मला बघून जायच्या. हंसाबाई तर चढून आत आल्या. त्यांच्या ओढणीवरचे आरसे माझ्या काचेत चमकले. त्यांनी दोन्ही हात माझ्याभोवती फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटे मोडली. दृष्ट काढली. कोणाची? माझी! एका यंत्राची.

इथपर्यंत मी सरळ सांगू शकतो. पुढे—

पुढे दसरा.

दसऱ्याला आपण ज्याच्यावर पोट भरते त्याची पूजा करतो, तुम्हाला माहीत आहे. तांड्याच्या तोंडाशी बस धुऊन उभी केली. झेंडूचा हार, चाकांखाली लिंबे, नारळ. हंसाबाईंनी ताट हातात घेतले. तेलात कालवलेले कुंकू. एक बोट स्टिअरिंगला. एक बोट हॉर्नला. एक बोट आरशाच्या कपाळावर. मग त्या माझ्याकडे वळल्या.

मित्रांनो, मला कपाळ नाही. माझा सगळा चेहरा म्हणजे एक डोळा.

त्यांचे बोट जवळ आले. मोठे झाले. बोटावरच्या रेषा दिसल्या, आणि—

लाल.

"माह्या पोराचा राखणदार हाये हा," हंसाबाईंचा आवाज आला. मग त्यांनी बोट थोडे दाबून, नीट, प्रेमाने, पुसला जाऊ नये असा टिळा पक्का केला.

माझा लहानसा हिरवा दिवा मात्र जळतच होता. महागड्या कॅमेऱ्यांना डोळा झाकला गेला की ओरडता येते म्हणतात. मला ते शिकवलेले नव्हते. मला पापणी दिसली तर ओरडायचे. पापणीच दिसली नाही तर गप्प बसायचे.

आणि माझ्या गप्प बसण्याचा अर्थ बसमध्ये ठरलेला होता. हा गप्प आहे, म्हणजे जीवन जागा आहे. जीवनचाही तोच हिशेब होता.

दुसरी सकाळ.

लाल.

लाल.

जीवन आला. दारातूनच मी त्याला ओळखले, पावलांवरून. मला ऐकू येते. मात्र माझ्या ऐकण्याचा कोणी कधी उपयोग केला नाही. तो आवाज कुठल्याशा डब्यात साठतो, एवढेच. किंचाळी सुटते ती फक्त डोळ्यामुळे. माझी तार तशीच जोडलेली आहे.

विमलताईंनी मागून विचारले, "जीवन, राती झोपला होता का नाही रे?"

"झोपलो नं ताई."

खोटे होते. तो आठवडा रात्रीच्या विजेचा होता. हे ताईंनाही ठाऊक होते. पण त्या पुढे आल्या नाहीत. मी होतो ना.

मुले चढली. दसऱ्याचे सोने अजून त्यांच्या दप्तरांत होते, आपट्याच्या पानांची देवाणघेवाण चालू होती. सोनूला कोणीतरी चिडवत होते. मग हळूहळू गलका खाली बसला. सकाळच्या उन्हात मुले पेंगतात. बस एका सुरात चालली होती.

डोळे—

लाल.

डोळे—

लाल.

आणि मला जीवनचा श्वास ऐकू आला.

जागेपणीचा श्वास मी रोज ऐकला होता. तो आखूड असतो, मध्येच खाकरतो, शीळ घालतो. हा तसा नव्हता. हा लांब होता. आत गेला. थांबला. सावकाश बाहेर आला. पुन्हा आत गेला.

तो झोपला होता. मला कळले होते. मित्रांनो, अख्ख्या बसमध्ये ते फक्त मला कळले होते, आणि मी ओरडू शकत नव्हतो. माझा हिरवा दिवा जळत होता. सगळे ठीक आहे, असे तो सांगत होता. माझ्याच अंगावरचा दिवा, माझ्याच अंगावर, खोटे—

श्वास आत.

श्वास बाहेर.

डांबराचा आवाज संपला. मुरुमाचा सुरू झाला. मग तोही संपला. खालून काड्या मोडल्यासारखा आवाज, कपाशीची झाडे. कोणीतरी "ताई" म्हणाले, ओरडून नव्हे, विचारल्यासारखे. मग सगळी बस वर उडाली आणि खाली आदळली. जीवन जागा झाला. ब्रेक. डबे, दप्तरे, मुले, सगळे पुढे आले.

नंतर काहीच नाही. इंजिनही बंद.

विमलताई एकेका मुलाचे नाव घेऊ लागल्या. प्रत्येक नावाला उत्तर आले. सोनूचे उत्तर रडत आले, त्याचा ओठ फुटला होता. ताईंचा स्वतःचा एक हात उचलला जात नव्हता, हे मला नंतर कळले. दार उघडले. मुले उतरली. मग बाहेर निशिगंधाचा आवाज, अगदी हळू.

"ताई, पुढं इहीर हाये."

बाहेरचे सगळे आवाज थांबले.

बिनकठड्याची जुनी विहीर. कपाशीत दडलेली. बसची पुढची चाके आणि ती विहीर यांच्यामध्ये एक माणूस आडवा झोपू शकला असता, एवढीच जागा होती. मी ती विहीर पाहिलेली नाही. मी ती मुलांच्या गप्प होण्यातून पाहिली. अजून पाहतो.

जीवन माझ्याजवळ वाकला. त्याचा श्वास आता तुटक होता. तो कुणालाच उद्देशून म्हणाला, "हा वरडला काहून नाही?"

मुलांना धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसवायला तो खाली उतरला. विमलताई पाण्याच्या बाटल्या घ्यायला परत आत आल्या. त्यांची पावले माझ्यासमोर थांबली.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. एवढेच.

कोणीतरी तांड्यात फोन केला असावा. बाहेर ट्रॅक्टर आला होता. तांड्यातली माणसे उड्या टाकून उतरत होती. त्या गलक्यात एक आवाज ओळखीचा होता. हंसाबाई आपल्या बोलीत लेकाला हाका मारत येत होत्या. जीवनने "याडी, मी हाये" असे ओरडून उत्तर दिले. याडी म्हणजे आई.

विमलताईंनी पदराचे टोक तोंडात घालून ओले केले आणि माझा डोळा पुसला. भरभर. पुन्हा पुन्हा.

उजेड.

पहिल्यांदा दिसला त्यांचा चेहरा. कपाळाला खोक. मग त्यांच्या खांद्यावरून, दारातून दिसल्या हंसाबाई, अनवाणी, कपाशी तुडवत येणाऱ्या. ताईंनी लाल झालेले पदराचे टोक मुठीत घट्ट दाबले.

हंसाबाईंनी आधी जीवनला चाचपले, डोक्यापासून पायापर्यंत. मग बसमध्ये चढून त्या माझ्यापुढे उभ्या राहिल्या. रागाने नव्हे. नात्यातल्या माणसाला विचारावे तशा.

"यानं काहून नाही उठवलं माह्या पोराले?"

विमलताई म्हणाल्या, "मशीनच हाये, मावशी. बिघडते कधी."

मी बिघडलो नव्हतो! मित्रांनो, मी हे तेव्हाही सांगू शकलो नाही. पण त्या क्षणी मला जीवन दिसला. तो ताईंच्या मुठीकडे पाहत होता. मुठीतून लाल टोक थोडे बाहेर आले होते. त्याने ते पाहिले, आईकडे पाहिले, आणि मान खाली घातली.

बाबाराव मोटारसायकलवर आले. विहीर पाहून ते आधी धुऱ्यावर बसले. नंतर उठून मला शिव्या देऊ लागले. विकणाऱ्याला सोडणार नाही म्हणाले.

"मशीनचं नाव नका घेऊ, बाबारावजी," जीवन म्हणाला. "डोये माहे मिटले. रातभर ओलीत करून राह्यलो होतो. तुम्हाले सांगाले पाहिजे होतं. हा हाये म्हणून नाही सांगतलं."

कुंकवाचा शब्द त्याने काढला नाही. सगळे आपल्या डोळ्यांवर घेतले.

बाबारावांनी किल्ली काढून घेतली. बरेच दिवस त्यांनी स्वतः बस चालवली. मग परत दिली, एका अटीवर. ज्या रात्री ओलीत, त्या सकाळी जीवनने तसे सांगायचे. लाजायचे नाही. त्या दिवशी बाबाराव बस नेतील.

मला काढले. कोणाचाच माझ्यावर भरवसा उरला नव्हता. मी आता डॅशबोर्डच्या खणात असतो, पान्यांच्या आणि फडक्यांच्या सोबत. तार तुटलेली. पण ऐकू येते.

विमलताई पुन्हा इंजिनाच्या झाकणावर बसतात. खांदा अजून दुखतो, तरी तोंड चालूच असते. मुलांनी वळणे वाटून घेतली आहेत. ज्याचे वळण येते तो ओरडतो, "काका, जागे हा का?" जीवन दर वेळी उत्तर देतो. कधी वैतागून, कधी हसून. सोनू त्याला उगाच सरळ रस्त्यावरही विचारतो.

परवा मुलांना सोडून बस रिकामी परतताना हंसाबाई कळंबच्या बाजारातून चढल्या. पुढे बसल्या. त्यांनी सहज खण उघडला, मी दिसलो. त्यांनी मला हातात घेतले आणि ओढणीने माझ्यावरची धूळ पुसली.

"बिचारा," त्या म्हणाल्या. "कायनं बिघडला असंन हा?"

विमलताई खिडकीबाहेर पाहू लागल्या. जीवनने गिअर बदलला.

मित्रांनो, तुमच्या घरात, गाडीत, शाळेत माझ्यासारखे कोणी राखण करत असेल, तर त्याची पूजा जरूर करा. पण नंतर त्याचा डोळा पुसा. आणि तो गप्प असला, तरी शेजारच्या माणसाला एकदा विचारा, की रात्री झोपला होतास का? तो काय सांगतो ते ऐका. त्याचा श्वासही ऐका. ते काम मला देऊ नका. मला ते ऐकू येते, पण मला त्याचे काही करता येत नाही.

आणखी एक. मी हे सगळे तुम्हाला सांगितले, हंसाबाईंना सांगू नका. तांड्यावर गेलात, त्यांनी तुम्हाला विचारले, तर मशीनच होती, बिघडली, असेच म्हणा. ते बोट फार प्रेमाचे होते.

त्यांच्या हातात असताना, खणात परत जाण्याआधी, मला जीवन दिसला. माझी तार तोडलेली आहे. माझे कोणी ऐकत नाही. तरी मी माझे काम केले.

डोळे उघडे.

डोळे उघडे.

डोळे ओले. पण उघडे.