बारकीच्या आवाजात

मूल शिकायला परगावी गेलं की मागे राहिलेल्या मोठ्या माणसांना काही दिवस काय करावं तेच कळत नाही. हे तुमच्या घरी झालं असेल, नाहीतर उद्या होईल. बारकीच्या घरीही तेच झालं. बारकी म्हणजे घरातली एकुलती एक मुलगी. नावाला बारकी, पण आईपेक्षा वीतभर उंच. दगडमातीचा अभ्यास करायचा असं तिनं मनावर घेतलं, दूरच्या विद्यापीठात प्रवेश मिळवला आणि दोन बॅगा घेऊन ती गेलीसुद्धा.

तिचे बाबा फ्रीज दुरुस्त करत. त्यांनी आपलं मन कामात गुंतवलं, म्हणजे घरातला धडधाकट फ्रीज दोनदा खोलून पुन्हा जोडला. तिसऱ्यांदा पाना हातात घेतला तेव्हा आईनं तो काढून घेतला. आईचा स्वभाव वेगळा. ती एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला होती. दिवसभर फोन, तारखा, वेळा आणि घाबरलेली माणसं. दुसऱ्याचं अडलेलं काम चुटकीसरशी मार्गी लावण्यात तिचा हातखंडा. त्यामुळे मुलीची काळजी वाटली की तिचा हात आपोआप फोनकडे जाई.

आणि मायलेकींचे आवाज अगदी सारखे होते. फोनवर तर बाबासुद्धा फसत. "बारके, आईला सांगू नकोस, मी बाहेरच खाऊन घेतलंय," असं त्यांनी एकदा थेट आईलाच सांगितलं होतं आणि तो किस्सा घरात वर्षभर पुरला होता. आईनं या आवाजाचा उपयोगही करून घेतला होता. बारकी शाळेत असताना क्लासची वेळ बदलायची असो की लायब्ररीच्या पुस्तकाची मुदत वाढवायची असो, आई बारकी होऊन बोले आणि काम होऊन जाई. तेव्हा बारकीलाही ते सोयीचं वाटे, खोटं कशाला बोलावं.

पहिल्याच महिन्यात बारकीचा रडवेला फोन आला. वसतिगृहात तिच्या खोलीत आणखी एक मुलगी होती. ती पहाटेपर्यंत दिवा लावून वाचत बसायची आणि बारकीला उजेडात झोप यायची नाही. त्यावरून दोघींची चांगली जुंपली होती. बारकी बराच वेळ बोलली, तिनं नाक पुसलं, उद्या आमची अभ्यास सहल डोंगरात जाणार आहे, तिथे फोन लागायचा नाही, असं सांगितलं आणि फोन ठेवला. ठेवताना तिचा सूर पुष्कळ सावरला होता. आईच्या कानात मात्र फक्त रडणं राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत आईनं वसतिगृहाच्या ऑफिसला फोन लावला. बारकीच्या आवाजात, बारकीच्याच नावानं, सहलीच्या वाटेवरून बोलतेय असं सांगून तिनं खोली बदलून मागितली. रेक्टरबाई काळजीपूर्वक विचारत होत्या. नक्की बदलायची आहे ना, सोबतच्या मुलीशी बोललीस ना? "हो मॅडम, बोलले," असं आईनं बेधडक ठोकून दिलं. योगायोगानं मागच्या इमारतीत एकटीची एक खोली रिकामी झाली होती. काम फत्ते.

संध्याकाळी तिनं हे बाबांना सांगितलं. बाबांनी मान खाजवत विचारलं, "अगं, पण बारकीला विचारलंस का?"

"विचारलं असतं तर नको म्हणाली असती," आई म्हणाली.

बाबा आपले पाने पेटीत लावत बसले.

तिकडे वसतिगृहात काय झालं होतं ते आईला ठाऊक नव्हतं. सहलीला निघायच्या आधीच दोघी मुलींची दिलजमाई झाली होती. त्या मुलीनं पुठ्ठा कापून दिव्याला आडोसा केला होता आणि बारकीनं आपला पलंग भिंतीकडे सरकवला होता. बारकी डोंगरातून आली तेव्हा तिच्या पलंगावर भलतीच मुलगी बसलेली. सामान व्हरांड्यात. "एवढं होतं तर तोंडावर सांगायचं होतंस," एवढंच ती मैत्रीण म्हणाली आणि तिनं दार लावून घेतलं. बारकी धावत ऑफिसात गेली. मी फोन केलाच नाही, म्हणाली. रेक्टरबाई म्हणाल्या, मी स्वतः तुझ्याशी बोलले, आता उलटू नकोस. तेव्हा बारकीला सगळा उलगडा झाला.

त्या संध्याकाळी तिनं घरी फोन केला.

"आई, तू माझ्या आवाजात बोललीस ना?"

"अगं, तू रडत होतीस. तुझ्यासाठीच..."

"रेक्टरबाईंना वाटतंय मी खोटारडी आहे. माझ्या मैत्रिणीला वाटतंय मी पाठीमागून तक्रार केली. आणि मला खरंही सांगता येत नाही, कारण मग सगळं वसतिगृह मला हसेल." ती ओरडत नव्हती. "यापुढे काही झालं तरी मी तुला सांगणार नाही, आई. मला सांगायची भीती वाटते."

बारकी दिलेला शब्द पाळणारी होती. फोन येत राहिले, पण त्यात काही नसे. बरी आहेस का? बरी आहे. अभ्यास? चाललाय. जेवलीस? जेवले. आई त्या चार शब्दांत मुलगी शोधत बसे आणि ती सापडत नसे. लेक दूर गावी गेली होती, त्याचं वाईट वाटणं साहजिक होतं. पण आता ती मनानं दूर चालली होती आणि तिला तिकडे ढकलणारे हात आपलेच आहेत, हे आईला कळत होतं. ती कामावर जाई, हसून बोले आणि घरी येऊन बारकीच्या खोलीची खिडकी उगाच पुसत बसे.

ती काम करायची त्या दवाखान्यात एक नियम होता. सज्ञान पेशंटनं स्वतःचं दुखणं स्वतः सांगायचं, सोबतच्यांनी बाहेर बसायचं. डॉक्टरबाईंनी तो केला होता आणि आई तो फार कडकपणे पाळून घेई. कित्येक आयांना तिनं गोड बोलून बाकावर बसवलं होतं. एके दिवशी मिसरूड फुटलेला एक तरुण आपल्या आईला घेऊन आला, म्हणजे खरं तर तीच त्याला घेऊन आली. तो तोंड उघडायच्या आत तिनं सगळं दुखणं सांगून टाकलं. आपल्या रिसेप्शनिस्टबाईंनी, म्हणजे बारकीच्या आईनं, हा प्रकार बघितला आणि त्या बाईला अडवायला तिची जीभच उचलेना. दोघंही आत गेली. थोड्याच वेळात त्या माउलीला डॉक्टरबाईंनी बाहेर पाठवलं.

पेशंट संपल्यावर डॉक्टरबाईंनी विचारलं, आज तुमचा कडकपणा कुठे गेला? एवढ्या विचारण्यानं आईचा बांध फुटला आणि तिनं पहिल्यापासून सगळं सांगितलं. डॉक्टरबाई हातमोजे काढता काढता ऐकत होत्या.

"आज त्या मुलाचा वरचा दात दुखत होता," त्या म्हणाल्या. "आई ठामपणे सांगत होती, खालचा. ती मनापासून सांगत होती, पण तिचं ऐकून मी हत्यार उचललं असतं तर चांगला दात हकनाक गेला असता."

"पण मी आई आहे. लेकरू रडत असताना नुसतं बसून राहायचं?"

"नुसतं बसणं सोपं असतं असं कोण म्हणालं? माणूस रडत आलं म्हणजे काम घेऊनच आलं असं नसतं. ती लहान होती, तिला बोलता येत नव्हतं, तेव्हा तिच्या वतीनं तुम्ही बोललात ते योग्यच होतं. आता तिला बोलता येतं. आता तिच्या वतीनं बोलणं म्हणजे हिला बोलता येत नाही, असं चारचौघांत सांगणं."

आईनं पदर डोळ्यांना लावला. "मग आता मी काय करू?"

"हे मला काय विचारता? तिला विचारा."

तिला विचारा! एवढी साधी गोष्ट! साऱ्या गावाला वेळ विचारून तारीख देणाऱ्या या बाईला आपल्या लेकीला एक प्रश्न विचारायचं सुचलं नव्हतं!

त्या संध्याकाळी आईनं स्वतःच्या आवाजात, म्हणजे जरा कापऱ्याच आवाजात फोन केला. सारवासारव केली नाही. "मी चुकले, बारके. तुला न विचारता तुझं काम केलं. तो फोन माझा होता हे रेक्टरबाईंना सांगावं, असं मला वाटतं. सांगू का? तू नको म्हणालीस तर नाही सांगणार."

"सांग," बारकी म्हणाली. "पण खोलीबद्दल काही मागू नकोस. ते माझं मी बघेन."

रेक्टरबाईंनी आईची चांगली खरडपट्टी काढली. परीक्षा होईपर्यंत खोली परत बदलणार नाही, असंही बजावलं. गयावया करायला आईची जीभ शिवशिवत होती. पण तिनं ओठ घट्ट मिटले आणि "बरं मॅडम" म्हणून फोन ठेवला. पुढे बारकीनं स्वतःच त्या मैत्रिणीला गाठून खरं काय ते सांगितलं. ती हसत सुटली. तिचे वडील म्हणे खानावळीत फोन करून पोरगी पोटभर जेवते का, याची चौकशी करत. या एकाच दुखण्यावर दोघींची पुन्हा गट्टी जमली. पण हे आईला पुष्कळ नंतर कळलं. तोवर तिला "बरी आहे, जेवले" एवढ्यावरच भागवावं लागलं आणि तिनं ते तक्रार न करता भागवलं.

मग एका रविवारी बारकीचा फोन आला.

"आई, एका विषयात नापास झालेय."

आईच्या डोक्यात भराभर चक्रं फिरली. कुणाला फोन करावा, कुठली शिकवणी लावावी, सगळं तयार झालं. बाबा फोनला कान लावून उभे होते, ते खुणेनंच विचारू लागले, मी जाऊन येऊ का? आईनं त्यांना हातानं खाली बसवलं.

"वाईट वाटत असेल," ती म्हणाली. "तुला काय करावंसं वाटतंय?"

मग बारकी बोलायला लागली. आधी थोडी रडली. सरांवर चिडली, मग स्वतःवर चिडली. उत्तरपत्रिका बघायला मागायची का, मैत्रिणीबरोबर अभ्यास करायचा का, हा विषय पुढच्या सत्रात पुन्हा द्यायचा का, असं तीच विचारत होती आणि तीच उत्तरं देत होती. आई मधून मधून "हं" म्हणे. शेवटी सरांना भेटायचं तिनं ठरवलं.

"बरं वाटलं तुला सांगून," बारकी म्हणाली.

"सांगत जा गं," आई म्हणाली.

फोन ठेवल्यावर बाबांनी घाईघाईनं विचारलं, "काय सांगितलंस तिला?"

"काही नाही. ती सांगत होती, मी ऐकत होते."

मंडळी, आपली मुलं अडचण सांगतात ती दरवेळी आपल्या हवाली करत नाहीत. आपण ती हिसकावून घेतली, की पुढच्या वेळी ती आपल्यापर्यंत येतच नाही. तेव्हा परगावाहून फोन आला की आधी सगळं ऐकून घेऊ या, मग त्यांनाच विचारू या आणि त्यांनी म्हटलं तरच हात घालू या. जी मुलगी आपण नापास झाल्याचं घरी स्वतः फोन करून सांगते, ती कितीही लांब राहत असली तरी घरापासून दूर गेलेली नसते.