सहा आल्बमांच्या यादीतला सातवा

डेन्टन प्रुइट आणि आराचेलीचं लग्न मोडायला आलं तेव्हा दोन्ही घरच्यांना वाटलं, धर्माचा प्रश्न असणार. ती कॅथलिक, तो बाप्टिस्ट. पाद्रीसाहेबांनी दोघांना बोलावून पुष्कळ समजूत काढली. बिचारे चुकीच्या धर्मावर बोलत होते.

भांडण पहिल्या नाचाच्या गाण्यावरून होतं. नवरा-नवरीने हॉलच्या मधोमध एका गाण्यावर नाचायचं आणि बाकीच्यांनी डोळे पुसायचे, ही आमच्याकडची रीत. गाणं ‘ब्लीच कझिन’ या बँडचं असणार, यावर दोघांचं एकमत होतं. त्यांची ओळखच मुळी त्या बँडच्या कार्यक्रमात झाली. रेटारेटीत तिचं कोपर त्याच्या दातावर बसलं. प्रश्न होता, गाणं कुठल्या आल्बममधलं.

ब्लीच कझिन हा आमच्या बेकर्सफील्ड गावचाच बँड. त्याच्या आल्बमांची क्रमवारी लावणं हा इथल्या तरुणांचा मुख्य धंदा. तेलविहिरींवरची नोकरी हा जोडधंदा. चाहत्यांच्या वेबसाइटवर डेन्टनची यादी सगळ्यात वर टाचून ठेवलेली असे. लोक तिच्याखाली येऊन वाद घालत आणि डेन्टन त्यांना एकेक करून हाकलून देई.

त्याच्या यादीत पहिला नंबर ‘गॅरेज टेप्स’चा. बँडने पहिल्या आल्बमच्याही आधी गिटारवाल्याच्या मावशीच्या गॅरेजात म्हणे ही गाणी रेकॉर्ड केली होती. बाजारात ती कधी आली नाहीत. डेन्टनने इंटरनेटवरून, कुणा अनोळखी माणसाच्या कृपेने, चोरून उतरवली. आवाज असा, की गायक बादलीत बसलाय. डेन्टनच्या मते शुद्धता म्हणतात ती हीच. त्याने ती कुणाला ऐकवली नाहीत, कारण ऐकवली की दुर्मिळ राहत नाहीत. तरीही साइटवर सगळ्यांच्याच यादीत गॅरेज टेप्स पहिल्या. माझ्याही. मी लायल, डेन्टनचा शाळेपासूनचा मित्र. मीही ऐकल्या नव्हत्या, पण पहिला नंबर द्यायला ऐकायची काय गरज?

शेवटचा, म्हणजे सहावा नंबर ‘लॉन फर्निचर’चा. हा बँडचा पाचवा आल्बम. मुखपृष्ठावर प्लास्टिकची खुर्ची. यात गायक ओरडत नाही, चक्क गातो, आणि एका गाण्यात व्हायोलिन आहे अशी वदंता होती. वदंताच, कारण हाही आमच्यापैकी कुणी ऐकला नव्हता.

आराचेलीला नाचायचं होतं लॉन फर्निचरमधल्या ‘व्हिनेगर’ या गाण्यावर.

लग्नाच्या आठवड्यात आम्ही तिघं तिच्या आईच्या अंगणात पाहुण्यांना द्यायच्या बदामांच्या पुरचुंड्या बांधत होतो.

“त्यात व्हायोलिन आहे,” डेन्टन म्हणाला.

“असू दे की. चावतं का?”

“साइटवरचे आठ जण लग्नाला येणारेत. त्यांच्यासमोर मी व्हायोलिनवर नाचू?”

“मग त्यांच्यातल्याच एकाशी लग्न कर. एखाद्याला भांडी घासता येत असतील.”

“अगं, गॅरेज टेप्समधलं तिसरं गाणं आठव. गाडीत ऐकवलं होतं. जगात फक्त तुला ऐकवलंय.”

“आठवतंय ना. छान आहे.”

“छान? छान तर तुझ्या आईचा राजमाही असतो.”

“आईला मध्ये आणू नकोस. लॉन फर्निचर ऐकलायस का तू?”

“मी तो सहाव्या नंबरवर ठेवलाय.”

“ते नाही विचारलं मी.”

“सहाव्या नंबरचं मी ऐकत नसतो. ऐकायचंच असतं तर सहावा नंबर दिला असता का?”

मला हे पटलं. आराचेलीला पटलं नाही. तिने हातातली पुरचुंडी खाली ठेवली.

“डेन्टन, तुझ्या यादीत माझा नंबर कितवा?”

डेन्टनने विचार केला. तो करायला नको होता.

“शनिवारी व्हिनेगर वाजलं तर मी नाचेन,” ती उठत म्हणाली. “नाहीतर तू लायलबरोबर नाच. तुमची उंचीही जुळते.” आणि जाळीचं दार आपटून आत गेली.

गाणी वाजवायचं काम माझ्याकडे होतं. आराचेलीने तिची लॉन फर्निचरची सीडी दिली. डेन्टनने गॅरेज टेप्सची सीडी मोज्यात गुंडाळून दिली. “फक्त तिसरं गाणं,” तो म्हणाला. “बाकीची ऐकलीस तर मला कळेल.”

शनिवारी सकाळी रिकाम्या हॉलमध्ये मी स्पीकर तपासायला बसलो. आधी मोज्यातल्या सीडीवरचं तिसरं गाणं लावलं. बादलीत बसलेला गायक गाऊ लागला. थोड्या वेळाने बादलीत व्हायोलिन वाजलं. मला बरं वाटेना. मग तिची सीडी काढून व्हिनेगर लावलं. तेच गाणं, फक्त बादली नाही.

मी बाकीचीही ऐकली. सगळी तीच, त्याच क्रमाने. पाचवा आल्बम बाजारात येण्याआधीच कुणीतरी तो चोरून, गॅरेज टेप्स असं नाव देऊन इंटरनेटवर सोडला होता, आणि आमच्या विद्वानाने तो उचलून आयुष्याच्या शिखरावर ठेवला होता.

“ऐकलंस वाटतं,” मागून आवाज आला. आराचेली केसांत रोलर लावून उभी होती.

“तुला माहीत होतं?”

“पहिल्याच भेटीत कळलं. त्याने गाडीत हे लावलं, मला वाटलं, मिळाला बाई एकदाचा माझ्यासारखा. मग तो बोलायला लागला.”

“मग सांगून टाक ना त्याला. भांडणच मिटेल.”

“सांगितलं तर तो स्वतःच्या गाण्यावर नाचेल. माझ्या गाण्यावर नाचायला तयार होतो का, ते बघायचंय मला.”

“आणि नाही झाला तर?”

“तर बदाम तू घरी ने.”

ती हसत नव्हती. रोलर लावलेल्या केसांनी तशीच निघून गेली.

दुपारी चर्चमधलं पार पडलं. अंगठ्या घालताना दोघांनी एकमेकांकडे ज्या नजरेने बघितलं, त्या नजरेने लोक वीजबिलाकडे बघतात. हॉलबाहेर डेन्टनचे काका शेगडीवर मांस भाजत होते. साइटवरचे आठ जण काळे टीशर्ट इस्त्री करून आले होते.

नाचाच्या जरा आधी डेन्टन माझ्या टेबलाशी आला. भाड्याच्या सुटात घामाघूम.

“तिचं लाव.”

“काय?”

“खुर्चीवालं. तिचं लाव म्हणतोय.”

“आणि ते आठ जण?”

त्याने एकदा त्यांच्याकडे बघितलं. “बघू दे. मी मनात दुसरं काहीतरी वाजवीन.”

मी तिची सीडी लावली. डेन्टन दात काढून घ्यायला निघाल्यासारखा मधोमध गेला. गाणं सुरू झालं. तिसऱ्या-चौथ्या पावलाला तो थबकला. त्याने माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

स्पीकरच्या वर आवाज जावा म्हणून तो जवळजवळ ओरडलाच. “तू माझं लावायला सांगितलंस.”

आराचेलीने विचारलं, “तू काय सांगितलं होतंस?”

“मी तुझं सांगितलं होतं. आईशप्पथ. लायलला विचार.”

तिने मला विचारलं नाही. त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं. “असू दे,” ती म्हणाली. “हेच चांगलंय.”

डेन्टन रडतोय हे बघून आठ जणांना उलगडा झाला. “गॅरेज टेप्स,” एक जण कुजबुजला. आठही जण टोप्या काढून उभे राहिले. व्हायोलिन आलं तेव्हा त्यातल्या जाणकाराने बाकीच्यांना सांगितलं, की आवाज स्वच्छ केला की गॅरेजची दारं अशी करकरतात.

इथे थांबलं असतं तर बरं होतं. पण चांगुलपणाने माणूस कुठवर जाईल सांगता येत नाही. पुढच्या रविवारी आराचेलीचा फोन आला. “ये लवकर. तो लॉन फर्निचर ऐकतोय. म्हणतो, तू माझ्यासाठी एवढं सोडलंस, मी नुसते कानही देऊ नयेत?”

स्वयंपाकघराच्या खिडकीतून आम्ही दोघं बघत होतो. डेन्टन दारातल्या त्याच्या पिकअप ट्रकमध्ये काचा बंद करून बसला होता. आराचेलीने हातातला टॉवेल पिळून त्याची दोरी केली होती. तो कोरडा होता.

“यादी गेली तर त्याच्यापाशी राहतं काय?” ती म्हणाली.

“तू आहेस.”

“तेच त्याला कितपत पुरेल बघायचंय.”

पूर्ण आल्बम ऐकून डेन्टन आत आला. चेहरा पांढराफटक. खुर्ची ओढून बसला.

“काय केलंय माहितीये यांनी?” तो म्हणाला. “गॅरेज टेप्स चोरल्यात. सगळ्याच्या सगळ्या. नवीन नावं देऊन पाचवा आल्बम म्हणून विकल्या, आणि इतकी वर्षं कुणाला पत्ता नाही.”

“स्वतःच्याच चोरल्या?” मी विचारलं.

“तेच तर. किती खालची पातळी.”

त्याच संध्याकाळी त्याने यादी सुधारली. सहा आल्बमांच्या यादीत लॉन फर्निचर आता सातव्या नंबरवर आहे. सहावी जागा मुद्दाम रिकामी ठेवलीय, अंतर राहावं म्हणून. आठही जणांनी तासाभरात आपापल्या याद्या तशाच केल्या. मीही केली.

“आणि मी कितवी?” आराचेलीने विचारलं.

“पहिली,” डेन्टन म्हणाला. या वेळी त्याने विचार केला नाही.

आराचेलीने टॉवेल खुंटीला अडकवला आणि ट्रकमधली तिची सीडी काढून आणायला गेली.