गार पान, जड कुंडी

अरे ऐका तरी, ही एका हरितगृहातली गोष्ट, आणि तिथे सगळे जिला क्लिपवाली म्हणायचे तिची. नाव होतं हो तिला, पण नावाने हाक मारतंय कोण! दिवसभर गव्हाच्या पानांना क्लिपा लावत फिरायची ना. एवढीशी क्लिप, तिने पानाचा टिकलीएवढा भाग अंधारात झाकायचा, पान जरा निवांत झालं की यंत्राचा झगझगीत झोत मारायचा आणि पान उलट किती चमकतं ते बघायचं. ठणठणीत पान असेल तर आकडा पॉइंट आठच्या आसपास. तहानेने जीव कासावीस झाला की आकडा घसरला म्हणून समजा. कधीकधी तर पान वरून चांगलं हिरवं दिसतं आणि आकडा म्हणतो, बाई, हे आतून गेलंय.

तर त्या हंगामात कुंड्यांचं पाणी तोडलं होतं. मुद्दाम, तोच तर प्रयोग! कुठलं वाण तहान सोसतं ते शोधायचं. आणि एकही टिकलं नाही तर पैसे देणारी समिती हरितगृहाला कुलूप लावणार, हे तिथल्या मुख्य सरांनी तोंडावर सांगून ठेवलेलं. वाणं तर अशी पटापट माना टाकत होती की बघवत नव्हतं. पण एक उभं! तेही तिचंच, म्हणजे फुलातले केसर बारीक चिमट्याने काढून, दुसऱ्या गव्हाचे पराग लावून, तिने स्वतःच्या हाताने जन्माला घातलेलं. त्याचं नावच पडलं हट्टी.

घरी तिच्या ताईला दुसरा विषयच नाही ऐकायला. ताई वैतागायची, "मला ताप आला तेव्हा कपाळाला हात तरी लावलास का गं? आणि त्या गवताचा रोज आकडा घेतेस!"

"गवत नाही ताई, गहू."

"ताटात येईपर्यंत गवतच ते." मग जरा आवाज उतरवून, "पण टिकेल ना गं?"

"टिकणार! बघच तू."

आता खरी गंमत इथे आहे. म्हणजे गंमत कसली म्हणा. हरितगृहात एका कोपऱ्यात ऊन जास्त, दुसरीकडे वारा जास्त, म्हणून कुंड्यांच्या जागा रोज बदलायच्या असा नियम. ही सगळ्यांच्या बदलायची, हट्टीच्या सोडून. का? तर रोपाला फार हात लागला, धक्के बसले, की तेही बिचकतं, वाढ खुंटते. हे खरंच आहे, तिने अभ्यासलेलं. मग एवढी गुणाची पोर कशाला हलवा? राहू दे भिंतीजवळ. सरांनी बघितलं, तेही गप्प. चाललंय ते चालू दे, उगाच दृष्ट लागायची.

कुंड्यांचं वजनही व्हायचं. बाकीच्या कुंड्या वाळून हलक्याफूल, हट्टीच्या जडच्या जड. हिने अर्थ काय लावला? हट्टी पाणी जपून पिते! सर तर हरखलेच. "कंजूष गहू!" म्हणाले आणि समितीला कळवूनही मोकळे झाले.

मग एक दिवस शेजारच्या इमारतीतला कॅमेरावाला आला. त्याचा कॅमेरा पानांचा ताप दाखवतो, तापलेलं लाल, गार निळं. पडद्यावर सगळं टेबल लालभडक आणि कोपऱ्यात हट्टी निळीशार.

"अगं क्लिपवाले, बाकीची तापाने फणफणलीत आणि तुझी लेक बघ, गारेगार! पान गार, कुंडी जड. सोन्याहून पिवळं की!"

ती हसायला गेली आणि हसू अर्ध्यातच राहिलं.

"दादा, परत म्हण."

"सोन्याहून पिवळं?"

"त्याच्या आधीचं."

"पान गार, कुंडी जड. का गं? काय झालं?"

"पान गार राहतं ते घाम गाळून. पाणी जपणारं पान तापतं. हिचं पान गार आहे म्हणजे ही भसाभस पाणी पितेय. मग कुंडी जड कशी राहील?"

कॅमेरावाल्याने डोकं खाजवलं. "कोणी पाणी घालतंय म्हणतेस?"

ती रोज सकाळीच मोजणी उरकायची आणि आकडे घेऊन आत बसायची. त्या दिवशी बसलीच नाही. दुपारी ऊन चढलं, मोठे पंखे सुरू झाले, थंडाव्यासाठी भिंतीच्या जाड जाळीवरून पाणी ओघळायला लागलं. आणि जाळीच्या एका चिरेतून, बारीक, श्वासासारखा फवारा आत आला तो थेट हट्टीच्या मातीवर. हिने हात धरला. हात ओला.

सरांना सांगितलं, तर सर उठून खिडकीशी गेले. मग म्हणाले, "समिती येऊन जाईपर्यंत थांब."

"आणि मग सर? हे बी पाऊस नसलेल्या रानात जाणार."

"तुला काय वाटतं, मला कळत नाही?" सर ओरडले आणि लगेच खाली बसले. "हलव. पण कुलूप लागेल, लक्षात ठेव."

तिने कुंड्या टेबलाच्या मधोमध आणल्या. मनात वेडी आशा होतीच हो! कदाचित खरंच टिकेल, थोडीशी तरी, इतरांपेक्षा एखादा दिवस जास्त. पण इतरांनी काढले तेवढे दिवसही न काढता हट्टी कोसळली. पानांची सुरळी झाली, आकडा घसरत घसरत असा तळाला गेला की यंत्र बिघडलं म्हणून तिने दुसऱ्या पानावर घेतला, तिसऱ्यावर घेतला. तेच.

समिती आली, काड्या बघितल्या, दारातूनच परत गेली. एकाने सरांचा खांदा थोपटला. बस्स.

मग कुंड्या रिकाम्या करायचं काम उरलं. कॅमेरावाला मदतीला आला. तिने हट्टीची पहिली कुंडी उलटी केली, मातीचा गोळा पाण्यात धरला. मुळं सगळी वरच, बोटभर मातीत, जाळीसारखी गुंतलेली. खाली एक मूळ गेलं नव्हतं. वरच्या वर ओल मिळत होती ना, खाली कशाला जाईल?

"म्हणजे वाणच वाईट होतं का गं?" कॅमेरावाल्याने विचारलं.

"माहीत नाही, दादा. मीच लाडावून ठेवली तिला. पहिल्यापासून कोरड्यात असती तर मुळं खोल गेली असती, नसतीही गेली."

"मग पुन्हा पेर की. नीट बघ एकदा."

"कुठे पेरू?"

त्याने आजूबाजूला बघितलं. पंखे काढून नेले होते, टेबलं भिंतीला उभी केली होती. त्याने पुढची कुंडी उचलून तिच्या हातात दिली, आणि तिने ती उलटी केली.