मौनराज सायलेन्सरचे खानदेश विभागप्रमुख

जळगावात मेहरूणला राहणारे प्रेमराज बोरसे एका सरकारी खात्याच्या तक्रार खिडकीमागून निवृत्त झाले होते. माणूस कितीही तापून आलेला असो, त्याला थंड करून परत पाठवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. तक्रार सुटायची की नाही हा भाग वेगळा, पण माणूस जाताना 'बरं साहेब' म्हणून जायचा. निवृत्तीनंतर तक्रार करणाऱ्या एकट्या त्यांच्या पत्नी कोकिळाबाई उरल्या, आणि त्या थंड होणाऱ्यांतल्या नव्हत्या.

त्यांच्या जुन्या मोटारीचा सायलेन्सर गंजून फुटला, आणि गाडी सुरू केली की अख्खी गल्ली गॅलरीत यायला लागली. शोरूमवाले म्हणाले, कंपनीचाच मागवावा लागेल, थांबावं लागेल. थांबणं हे प्रेमराजांनी आजवर दुसऱ्यांना सांगितलं होतं, स्वतः केलं नव्हतं. धुळ्याला दिपमालाकडे, म्हणजे मुलीकडे गेले असताना तिथल्या जिनेश नावाच्या दुकानदाराच्या स्पेअर पार्टच्या दुकानात त्यांना 'मौनराज' दिसला. चकचकीत माल, आणि खोक्यावर 'कोणत्याही गाडीला फिट'.

"काका, डोळे मिटून न्या," जिनेश म्हणाला.

प्रेमराजांनी तसाच नेला.

जळगावात भटू मिस्त्रीनं गाडी जॅकवर चढवली आणि खाली शिरला तो बराच वेळ बाहेर येईना. नळी चार बोटं लांब होती. बोल्टची भोकं गाडीला दोन, सायलेन्सरला तीन. ज्या हुकांनी तो टांगायचा, ते भलत्याच दिशेला तोंड करून बसलेले.

"आबा, हाई दुसरी गाडीनं शे," भटू म्हणाला.

"कोणत्या गाडीचं?"

भटूनं प्रामाणिकपणे विचार केला. "कोन्हीच गाडीनं नही."

प्रेमराजांनी जिनेशला फोन लावला. जिनेशनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, गाडीला कधी ठोकर लागली होती का? माल सरळ आहे, पण गाडी वाकडी झालेली असू शकते." मग त्यानं मौनराज कंपनीच्या मदत केंद्राचा नंबर दिला.

तिथे प्रियल नावाची मुलगी बोलली. "सर, तुम्हाला किती त्रास झाला असेल ते मी समजू शकते." इतक्या वर्षांत हे वाक्य आपल्याला का सुचलं नाही, याची प्रेमराजांना हळहळ वाटली. कंपनीनं खरोखर दुसरा सायलेन्सर पाठवला. तो चार बोटं आखूड निघाला. दोन्हींची सरासरी काढता आली असती तर गाडी कधीच शांत झाली असती.

मग मात्र प्रेमराजांमधला जुना कर्मचारी जागा झाला. त्यांनी विषय, संदर्भ, मोजमापं, आकृत्या असं सगळं घालून कंपनीला लांबलचक मेल लिहिला. काही दिवसांनी प्रियलचाच फोन आला.

"सर, तुमचा मेल आमच्या ऑफिसात सगळ्यांनी वाचला. आमच्या मालाची इतकी माहिती आमच्याकडेही कुणाला नाही. आम्ही खोक्यावर तुमचं नाव टाकतोय, 'फिटिंग मार्गदर्शक, खानदेश विभाग'. खाली तुमचा नंबर. चालेल ना?"

इथे भडकायला हवं होतं. प्रेमराज म्हणाले, "नावाआधी 'श्री.' टाका."

पहिला फोन मुक्ताईनगरहून आला. हितेंद्र नावाचा माणूस इतका चिडलेला होता की मोबाईल कानापासून लांब धरावा लागला. प्रेमराजांनी त्याला पूर्ण बोलू दिलं, मग हळूच म्हणाले, "तुम्हाला किती त्रास झाला असेल ते मी समजू शकतो." शेवटी हितेंद्र 'बरं साहेब' म्हणाला आणि प्रेमराजांना उगाचच दोन घास जास्त गेले.

त्यानंतर फोन येतच राहिले. शिरपूरहून पुना नावाचा शेतकरी सगळेच बोल्ट उलटे बघून रडकुंडीला येऊन म्हणाला, "आबा, बठ्ठा बोल्ट उलटा शेतस. काय करू मी आते?"

"गाडीला ठोकर लागली होती का?" प्रेमराजांनी विचारलं.

स्वयंपाकघरात भाकरी थापत असलेल्या कोकिळाबाईंचा हात थांबला.

प्रेमराज आता सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसायचे. जेवायच्या वेळी फोन घ्यायचे नाहीत. जेवणाची सुट्टी म्हणजे सुट्टी. स्वतःची गाडी दारात धूळ खात उभी होती, पण तिच्याकडे बघायला साहेबांना सवड नव्हती.

एका दुपारी ते झोपलेले असताना फोन वाजला. कोकिळाबाईंनी उचलला. चाळीसगावचा कुणीतरी मौनराज घ्यावा का, असं विचारत होता.

"घेऊ नका," त्या म्हणाल्या. "बसत नाही."

"पण बोरसे साहेब..."

"त्यांच्या स्वतःच्या गाडीलाही बसलेला नाही. शोरूमचा मागवा आणि थोडं थांबा."

हे त्यांना इतकं सोपं वाटलं की त्या रोज दुपारी फोन घेऊ लागल्या. चौकशी करणाऱ्यांचे प्रश्न पहिल्यांदाच सुटू लागले. त्याच आठवड्यात त्यांनी आपल्या गाडीसाठीही शोरूमला सांगून टाकलं.

थोड्याच दिवसांत प्रियलचा फोन आला. आवाज तोच, गोड. "सर, तुमच्या विभागात विक्री बंद पडली आहे. आम्ही तुमचं नाव काढतोय. तुमच्या सहकार्याबद्दल आभारी आहोत."

प्रेमराज इस्त्रीचा शर्ट काढून खुंटीला लावून आले. खात्यातून निवृत्त होताना निदान हार तरी घातला होता. कोकिळाबाईंनी चहा आणून ठेवला.

शोरूमहून सायलेन्सर आला. भटूनं तो बसवायला घेतला आणि बिडी संपायच्या आत मोकळा झाला. दोघं धुळ्याला निघाली तेव्हा गाडीचा आवाजच नव्हता, त्यामुळे प्रेमराजांचं न बोलणं फार ऐकू येत होतं.

धुळ्यात शिरल्यावर ते म्हणाले, "जिनेशला नुसता नमस्कार करून येतो."

दुकानात मौनराजची नवी खोकी आली होती. वर 'श्री. अभयकुमार, पारोळा' असं नाव आणि नंबर. प्रेमराजांनी खोकं उचलून नाव दोनदा वाचलं. बिचाऱ्याला सांगायला हवं, निदान हुकांचं तरी. गाडीत येऊन त्यांनी नंबर लावला, थोडं थांबून पुन्हा लावला.

"काय झालं?" कोकिळाबाईंनी विचारलं.

"लाईन बिझी आहे." त्यांनी मोबाईल खिशात टाकला. "खूप काम असणार त्याला."

मग त्यांनी गाडी दिपमालाच्या घराकडे वळवली.