बाणाची दुसरी वाट

मिलानमधला चिलखतकार गास्पारे स्वतः घडवलेलं छातीचं चिलखत चढवून अंगणात उभा राहिला. बाण मारून पारखताना घडवणाऱ्यानेच ते घालावं, अशी ते मागवणाऱ्या सरदाराची अट होती. बायको लुदोविका पट्टे आवळून डावीकडच्या भिंतीशी गेली.

"थरथरू नका हो, पत्रा वाजतोय," ती म्हणाली.

सरदाराच्या धनुर्धाऱ्याने नेम धरला आणि गास्पारेला आपली चूक कळली. बाण घसरून डावीकडे उडावा, असाच उतार त्याने छातीला दिला होता. आता तो उडणार होता थेट लुदोविकाकडे. ओरडेपर्यंत उशीर झाला असता. तो झटकन वळला आणि त्याने कुशीकडचा सपाट, पातळ पत्रा बाणासमोर धरला.

बाण त्याच्या बरगडीत रुतला. धावत आलेल्या लुदोविकाच्या अंगावर ओरखडाही नव्हता.